सात पिंपं आणि एक उचकी

सोमवार, ४ मार्च

लिही. आजपासून ही वही माझी. लिहिलंस? वाचून दाखव. हां, बरोबर. मला अक्षर येत नाही म्हणून तू मनाचं काही घुसडशील, तर लक्षात ठेव, मी प्रत्येक पान तुझ्याकडून दोनदा वाचून घेणार आहे. दोन्ही वेळा सारखं आलं नाही की पकडलीच.

वही खरं तर डॉक्टरांनी नातीला दिलेली. तापातून उठली आणि हिच्या नाकाचा वास गेला. पाच आठवडे झाले. रोज सकाळी लिंबू, लवंग, साबण आणि कॉफी हुंगायची आणि काय जाणवलं ते लिहायचं, असं औषध. ही काय लिहिते, तर “काही नाही”. पान पान भरून “काही नाही”. एवढी जाड, गुळगुळीत कागदाची वही, आणि आत काही नाही! म्हटलं, बये, पानांना कशाला उपाशी मारतेस? मी बोलते, तू लिही. तुझं “काही नाही” खाली एका ओळीत मावतं.

आता दुसऱ्या कुणाचा वास गेला असता तर काय बिघडलं असतं? शेजारच्या शिंप्याचा गेला तर त्याच्या बायकोला आनंदच होईल, मोजे धुवायचे वाचतील. पण माझी नात वाइनच्या तळघरात चव घ्यायच्या कामावर आहे. जुने चव घेणारे काका निवृत्त झाले आणि मालकीणबाईंनी चाळीस जणांतून हिला निवडलं. सहा महिनेच झालेत. तळघरात पांढऱ्या वाइनची सात पिंपं आहेत. द्राक्ष एकच, शार्डोने, पण प्रत्येक पिंपाचा स्वभाव निराळा. बावीस तारखेला मोठ्या हॉटेलांचा खरेदीवाला येणार, त्याच्यासमोर हिने सातही चाखायची आणि कोणती एकत्र करायची ते सांगायचं. एकदा मिसळली की झालं, पुन्हा वेगळी करता येत नाहीत.

नाक नाही हे तिने तिथे कुणालाच सांगितलेलं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही काळजी तिला खाते. मी म्हटलं, तुझ्या आडात नसेल, माझ्या आडात आहे ना! बत्तीस वर्षं दूध डेअरीत दारावर उभी होते मी. रोज सकाळी दोनशे कॅन. नाक लावायचं, चांगला असेल तर खडूने झाकणावर गोल, नासका असेल तर फुली. एक नासका कॅन मोठ्या टाकीत गेला की सगळी टाकी गेली.

ही म्हणाली, “आजी, ते दूध होतं.”

मी म्हटलं, “आणि ही काय, दगडाची चटणी आहे?”

लिंबू नाही, लवंग नाही, साबण नाही, कॉफी नाही.

मंगळवार, ५ मार्च

आज वयाच्या शहात्तराव्या वर्षी मी दारू प्यायले. तसंच लिही. “वाइन चाखली” असं सोवळं लिहू नकोस.

नातीने सात छोट्या बाटल्या पर्समधून आणल्या. मी दोन स्टीलचे पेले मांडले तर हिचा चेहरा असा झाला जणू मी बादली मांडली. मग लांब दांड्याचा काचेचा ग्लास काढला. मी नाक घातलं. काही नाही! मीच घाबरले. म्हटलं, हिचा रोग मला लागला की काय.

मग हात लावून बघितलं तर ग्लास बर्फासारखा. म्हटलं, अगं, फ्रिजमधून काढलीस ना? थंडीने वासाची दातखीळ बसते. डेअरीत गार कॅन आला की मी पळीभर दूध तळहातात धरायचे, मग बोलायला लागायचं ते. तसा ग्लास दोन्ही हातांत धरला, थोडा वेळ गप्पा मारल्या, आणि मग काय सांगू! आधी हिरव्या सफरचंदाची साल. मग कुणीतरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला लिंबू कापलं. आणि मग, अगदी शेवटी, लोणी! ताजं, काढून अजून पाण्यात आहे असं. मी ओरडलेच, “यात कुणी लोणी घातलं?”

नात हसायला लागली. म्हणाली, लोणी कुणी घालत नाही. पिंपात एक बारीक जिवाणू असतो, तो वाइनचा आंबटपणा मऊ करतो, त्यातून लोण्याचा वास येतो. दुधातला जो असतो त्याचाच चुलतभाऊ.

घ्या! म्हणजे बत्तीस वर्षं मी ज्यांच्या घरी कामाला होते त्यांचेच हे सोयरे.

दुसऱ्या बाटलीत भाजलेला पाव आणि सुताराचं दुकान. ते पिंपाच्या लाकडातून येतं म्हणे. तिसरी नुसती धुतलेल्या खडीसारखी, कडक, न हसणाऱ्या मास्तरणीसारखी. मला तीच आवडली. चौथीला मी गाणं म्हटलं, असं ही म्हणते. मला आठवत नाही, म्हणजे म्हटलं नाही.

एक शोध लागला. ग्लास रिकामा झाल्यावर पुन्हा नाक घाला. खरी गोष्ट तेव्हा कळते. डेअरीतही मी दूध हुंगायचे नाही, झाकणाची आतली बाजू हुंगायचे. समोर असतो तेव्हा माणूसही छानच वागतो. उठून गेल्यावर मागे काय राहतं ते बघावं.

गुरुवार, ७ मार्च

नात डबा विसरली. मुद्दाम विसरायला लावला मी. मला तळघर बघायचं होतं.

बसने गेले. खाली उतरायला सतरा पायऱ्या, आत गारवा, ओल्या लाकडाचा वास, आणि सात पिंपं आडवी निजलेली, जेवून सुस्त झालेल्या काकांसारखी. मालकीणबाई पन्नाशीच्या, केस आखूड, बूट पुरुषी. आवाज असा की पिंपसुद्धा सरळ बसेल. पण मला बघून उठल्या आणि खुर्ची दिली.

त्यांच्या टेबलावर फुलदाणी होती, फुलं माना टाकलेली आणि आत पाण्याचा थेंब नाही. मी म्हटलंच, “बाई, फुलांना पाणी तरी घाला.” त्या म्हणाल्या, “होतं हो, आत्ताच कामाला घेतलं.” फुलदाणीतल्या पाण्याचं काय काम असतं देव जाणे. श्रीमंतांची काटकसर.

तेवढ्यात त्यांनी एक ग्लास भरून नातीला दिला. फिकट पिवळा, जरा गढूळच. “घोट नको, फक्त वास घे आणि सांग.” मी लांब दाराशी, मला काही कळेना. नातीने ऐटीत ग्लास फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाली, “पिकलेलं पेर. शेवटी थोडा मध.” बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग ग्लास मोरीत ओतला आणि साबणाने दोनदा धुतला. एवढी मधाची वाइन मोरीत! मला तर हळहळ वाटली.

पण नात जिंकली ना! बाईंचा चेहरा असा मऊ झाला. निघताना मला म्हणाल्या, “आजी, घरी एकट्या काय करता? रोज येत जा हिच्याबरोबर. मी गाडी पाठवते.”

भोळी बाई. हाताने कोठार उघडून उंदराला म्हणते, ये.

शुक्रवार, ८ मार्च

खरंच गाडी आली. शिंप्याची बायको खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर. मी हात हलवला. अगदी थोडा, जशा मोठ्या बायका हलवतात.

माझी खुर्ची आता चाखायच्या टेबलाला लागून आहे. मी विणकाम घेऊन बसते. नातीच्या पुढ्यातला ग्लास हळूच माझ्याकडे सरकतो, मी हुंगते, कानात सांगते, ती मोठ्याने सांगते. बाईंना पत्ताच नाही. नेमक्या त्याच वेळी त्या पाठ फिरवून कागद बघत असतात. इतकी बेसावध बाई धंदा कसा चालवते कोण जाणे.

लिंबू नाही, लवंग नाही, साबण नाही. कॉफी “कदाचित” म्हणाली, मग म्हणाली, नाही, नुसती वाफ होती.

मंगळवार, १२ मार्च

आज थुंकायची शिकवणी झाली.

इथे रीत अशी की वाइन तोंडात घ्यायची, गालांत फिरवायची, ओठांचा चंबू करून थोडी हवा आत ओढायची आणि बादलीत थुंकायची. चारचौघांत! मालकीणबाई अशी लांब, सरळ चूळ टाकतात की नळाने शिकावं. मला जमेना. आईने लहानपणी एकच शिकवलं होतं, पानातलं टाकायचं नाही आणि लोकांसमोर थुंकायचं नाही. एका घोटात दोन्ही पापं.

नात म्हणाली, “आजी, सात ग्लास गिळलेस तर तुला उचलून न्यावं लागेल.”

मी म्हटलं, “तुला मी उचललंय की चार वर्षं. जरा फेड होऊ दे.”

तरी बादलीवर वाकले, आवाज केला आणि गिळली. हे तिला माहीत नव्हतं. आता लिहिताना कळलं. बघू नकोस अशी, पुढे लिही.

शुक्रवार, १५ मार्च

आज थोडंच.

सकाळी नात मोरीपाशी साबण नाकाला लावून उभी होती. किती वेळ, कोण जाणे. मला बघून म्हणाली, “आजी, तुझा वास पण येत नाही गं मला. दूध आणि खोबरेल, असा यायचा.” आणि रडली. मी पाठीवरून हात फिरवला. डॉक्टरांना विचारलं होतं, वास परत येईल का. ते म्हणाले, येईल, किंवा नाही येणार. एवढं तर मीही फी न घेता सांगितलं असतं.

हे लिहायला ती नको म्हणते. मी म्हटलं, लिही. वही काय फक्त माझ्या मिजाशीसाठी आहे?

आणखी एक लिही. डेअरीत एकदा मैत्रिणीचा कॅन आला, वास जरासा लागला होता. तिच्या घरी अडचण होती. मी गोल काढला. दुपारी सगळी टाकी गटारात गेली. तिचंही दूध गेलं आणि बाकी एकशे नव्व्याण्णव जणांचंही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. असेल. पण दूध झाकून टिकत नाही. हे मला आजच का आठवलं ते मला ठाऊक नाही.

सोमवार, १८ मार्च

खुणा ठरल्या! खरेदीवाल्यासमोर कानात कसं सांगणार? म्हणून खोकला. एकदा खोकले तर लोणी, दोनदा म्हणजे लाकूड, तीनदा म्हणजे नासकं, मिसळू नको. नुसतं नाक पुसलं तर छान, बेलाशक घे. संध्याकाळभर तालीम केली. मी इतकी खोकले की शिंप्याची बायको काढा घेऊन आली. तिलाही थोडी शार्डोने पाजली. म्हणाली, “हा काढा तुमच्याकडून रोज मिळेल का?”

सातव्या पिंपाची मात्र मला शंका आहे. वरवर सगळ्यात गोड बोलणारं तेच. पण आज रिकामा ग्लास हुंगला तर तळाशी काहीतरी होतं. पावसात राहिलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखं. मग पुन्हा हुंगलं तर नाही. म्हातारीच्या नाकावर किती भरवसा ठेवावा?

गुरुवार, २१ मार्च

उद्या. आज कांदा खाल्ला नाही, तेल लावलं नाही, शिंप्याच्या बायकोला दारातूनच परत पाठवलं, ती अत्तर लावते. नात जेवली नाही. मी दोघींचं जेवले.

शनिवार, २३ मार्च

काल झालं ते आज सांगते. काल माझ्या जिभेला वळण नव्हतं.

खरेदीवाला आला. लाल टाय, चकचकीत टाळू, आणि नाकाने कांदे सोलणारा. मला बघून विचारलं, “या कोण?” मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, “या आमच्या सल्लागार.” काय भोळी बाई, काहीही बोलते!

टेबलावर सात ग्लास नातीपुढे, सात लाल टायपुढे. आणि बाईंनी सात माझ्यापुढेही ठेवले. पाहुणचार म्हणून असेल.

पहिला. मी हुंगलं, चाखलं, बादलीवर वाकून आवाज केला, गिळलं. एकदा खोकले. नात म्हणाली, “लोणी. मऊ.” लाल टायने मान हलवली. दुसरा, दोन खोकले. “लाकूड, भाजलेला पाव.” मान हलली. तिसऱ्या मास्तरणीला मी नाक पुसलं, आणि घोट जरा मोठा घेतला, कारण पुन्हा भेट होईल न होईल. चौथा, एक खोकला. सगळं तेल घातल्यासारखं चाललं होतं.

पाचव्याला मला उचकी लागली.

एक. दोन. तीन. नातीने तीन खोकले मोजले आणि म्हणाली, “हे नको. यात दोष आहे.” लाल टायची भुवई टाळूवर गेली. “यात? हे तर उत्तम आहे!” मी मान हलवून सांगायला बघते की अगं ही उचकी आहे, खोकला नाही, तर अजून तीन आल्या. नात ठामपणे, “खूपच दोष आहे.” सहाव्याला पाच उचक्या. पाचची खूण ठरलेलीच नव्हती! ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे, आणि मला हसू यायला लागलं. उचकी आणि हसू एकदम येतात तेव्हा माणसाचं काय होतं ते लाल टायने काल पाहिलं. विणकाम खाली पडलं, लोकरीचा गुंडा पिंपाखाली पळाला.

आणि मग सातवा. मी रिकामा केला, तळाशी नाक घातलं आणि हसू तिथल्या तिथे थांबलं. ओला पुठ्ठा. शंकाच नको. लाल टाय म्हणत होता, “व्वा, हे सगळ्यात छान, हे निम्मं घाला.” मला तीनदा खोकायचं होतं. खोकले की उचकी, उचकी की खोकला, नातीला मोजताच येईना.

तिने ग्लास उचलला. मला वाटलं, आता अंदाजाने काहीतरी ठोकून देणार. तिने ग्लास खाली ठेवला.

“मला कळत नाही,” म्हणाली. “तापानंतर मला कसलाच वास येत नाही. गेले दोन आठवडे तुम्ही ऐकलंत ते सगळं आजीचं नाक होतं. मी आधीच सांगायला हवं होतं. पण कळत नसताना ही पिंपं मी मिसळणार नाही.”

माझी उचकी तेवढी चालूच होती.

मालकीणबाई म्हणाल्या, “फुलदाणीतलं चार दिवसांचं पाणी तुला पेर आणि मध वाटलं, त्या दिवसापासून मला माहीत आहे.”

माझी उचकी थांबली. इतक्या उपायांत हा पहिलाच लागू पडला.

“तू कधी सांगतेस याची वाट बघत होते,” बाई पुढे म्हणाल्या. “नाक गेलेलं मला चालतं, येतं ते परत. माझंही एकदा तीन महिने गेलं होतं. सांगणारी जीभ गेलेली चालत नाही.” मग माझ्याकडे वळल्या आणि खिशातून खडू काढला. खडू! विणता विणता मी सांगितलेल्या डेअरीच्या गोष्टी बाईंनी ऐकल्या होत्या तर. आणि म्हणाल्या, “सल्लागारबाई, झाकणं तुमची.”

म्हणजे मी भोळी म्हणत होते ती कोण आणि भोळी निघाली कोण, हे लिहायची गरज नाही. लिहिलंस? खोड. बरं, राहू दे.

उठले. तळघर थोडं हलत होतं, पण माझ्या बाजूने हलत होतं. पहिल्या सहा पिंपांवर गोल. सहावा जरा अंड्यासारखा झाला. सातव्यावर फुली, मोठी, दोन्ही हातांनी. लाल टाय खवळला, “एका आजीबाईंच्या सांगण्यावरून?” मी म्हटलं, “साहेब, तुमचा ग्लास रिकामा करा, दोन मिनिटं गप्प बसा आणि मग हुंगा.” गप्प बसणं त्याला जड गेलं. पण हुंगल्यावर टाळूपर्यंत लाल झाला. बाईंनी पिंपाचं बूच काढलं, तर खालच्या बाजूला बुरशी.

सहा पिंपं मिसळायची ठरली. किती कुठलं, ते नातीने सांगितलं, आकडे सगळे तिचे, तापाआधीच्या तिच्या टिपणांतून. ते मला सात जन्मांत जमलं नसतं. नोकरी राहिली. माझीही लागली, असं दिसतं. सोमवारपासून गाडी येणार आहे.

रविवार, २४ मार्च

आज सुट्टी. सकाळचं ऊन टेबलावर आहे, शेगडीवर दूध ठेवलंय, आणि मी नातीला सांगतेय की सल्लागारबाईंनी आता पगार घ्यावा की नुसत्या बाटल्या. तिचं म्हणणं पगार. माझं म्हणणं, पगाराने शिंप्याच्या बायकोला रोजचा काढा कसा मिळणार? तर लिही, शार्डोने या वाइनबद्दल माझं मत असं की पहिला घोट सगळ्यांचाच गोड, पण खरी ओळख

“आजी, दूध लागलं.”

मी म्हटलं, मध्ये बोलू नकोस, तर खरी ओळख

“अगं आजी, दूध करपतंय!”

मी शेगडीकडे पाठ करून बसले होते. हीसुद्धा. दोघींनाही पातेलं दिसत नव्हतं. बत्तीस वर्षं दोनशे कॅन हुंगणारी मी, बोलायच्या नादात मला पत्ता नाही. आणि ही पेन हातात धरून, नाक वर करून, कुत्र्याच्या पिलासारखी हवेत हुंगतेय.

पातेलं तळाशी काळं झालंय. खोलीभर धूर आहे. ही सगळ्या खिडक्या बंद करत सुटली आहे, वास बाहेर जाऊ नये म्हणून. मी खोकतेय, एकदा, दोनदा, तीनदा. ही ओरडतेय, “नासकं नाही आजी, करपलेलं! मला कळतंय!” पानावर डाग पडलाय तो तिच्या हाताला लागलेल्या दुधाचा, तो पुसायचा नाही.

लिंबू नाही, लवंग नाही, साबण नाही, कॉफी नाही. दूध, हो.

त्याच्यापुढे एक गोल काढ. नको, दे इकडे पेन, तो मीच काढते.